पाहुणीचं गाऱ्हाणं

रापणीचं मोठं जाळं किनाऱ्याला लागत आलं तशी सारिका हातातला दोर सोडून पुढे धावली. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती जाळ्यात वाकून पाहू लागली. तारल्या, थोडे बांगडे, दोन खेकडे, प्लॅस्टिकची एक बाटली. बाकी काही नव्हतं.

"काहीच नाही?" तिने विचारलं.

"नाय गो बाय," रापणीचे म्होरके हरिश्चंद्र म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली. आठ दिवस झाले, ती रोज हेच विचारत होती.

घरमालकीण जॉयसीने तिला दंडाला धरून कोरड्या वाळूवर आणलं. रापण ओढायला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो, मग तो पाहुणा का असेना. हरिश्चंद्रांनी ओंजळभर तारल्या जॉयसीच्या पिशवीत टाकल्या.

असाच वाटा सारिकाच्या नवऱ्याने, सुशांतने, मोठ्या हौसेने मिरवत आणला होता. नवराबायको सांगलीहून शिरोड्याला फिरायला आले होते आणि जॉयसीच्या घरी उतरले होते. माडाच्या बागेतल्या घरात तिने पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. येणारे-जाणारे पुष्कळ पाहिले होते तिने, पण सुशांतसारखा नवरा विरळाच. बायकोला काय वाढायचं ते तोच सांगायचा. माशाचे काटे काढून तिच्या ताटात ठेवायचा. ती कुठेतरी विसरते म्हणून तिचा फोनही स्वतःच्या खिशात ठेवायचा. ती माडापलीकडे दोन पावलं गेली तरी हाक मारायचा.

"असो घोव नशिबान गावता," जॉयसी तिला म्हणाली होती. सारिका नुसती हसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पोहायला उतरला तो परत आलाच नाही. मी शंख वेचत होते, मान वर केली तर पाणी रिकामं होतं, असं सारिकाने पोलिसांना सांगितलं. होड्या फिरल्या. लाटांनी काही बाहेर टाकलं नाही. सुशांतचा भाऊ दोन दिवस राहून गेला. तो घरी चल म्हणाला, पण सारिका जागची हलली नाही.

"त्यांचं नक्की काही कळल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली.

जॉयसीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. चौदा वर्षांपूर्वी तिचा नवरा जेरी होडी घेऊन गेला तो गेलाच. चर्चमागे त्याच्या नावाचा क्रूस आहे, पण त्याच्याखाली नुसती माती.

दुपारी तारल्या साफ करताना सारिकाने विचारलं, "आंटी, माणूस सापडलाच नाही तर काय करतात?"

"वाट बघतत."

"किती दिवस?"

सारिकाच्या तोंडावर असं भय दाटून आलं की जॉयसीने विळी बाजूला सारली आणि तिला जवळ घेतलं. जेरी गेला त्या वर्षी आपलीही अशीच दशा होती, हे जॉयसीला आठवलं. हिचं तसं होऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं. सारिका नको नको म्हणत असतानाही, तिला कळू न देता, सुशांतचा फोटो जॉयसीने रत्नागिरीपासून कारवारपर्यंतच्या मच्छीमारांच्या ग्रुपवर टाकलाच होता. खाली स्वतःचा नंबर दिला होता. चर्चमध्ये मेणबत्तीही लावून झाली होती. उरलं होतं ते देवळात गुरवाकडून देवाला घालायचं गाऱ्हाणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सारिकाला देवळात घेऊन गेली. धोंडू गुरवाने नारळ पुढे ठेवला.

"बा देवा म्हाराजा, ही लेक लांबसून तुझ्या पायाकडे इली हा."

"व्हय म्हाराजा," जॉयसी म्हणाली.

"हिच्या घोवाचो ठावठिकाणो लागणा नाय. जो काय खुलासो आसात, तो हिका आजच्या आज मिळू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

जॉयसीचा आवाज सभामंडपभर घुमला. सारिकाने हात इतके घट्ट जोडले होते की नखं पांढरी पडली होती. तिचे ओठ मात्र हलले नाहीत.

घरी येऊन तास झाला नसेल, तोच जॉयसीचा फोन वाजला.

"आंटी, सुशांत बोलतोय."

त्याचा आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. कर्नाटकातल्या एका ट्रॉलरने त्याला बाहेर काढलं होतं. कारवारच्या इस्पितळात तो परवापर्यंत बेशुद्ध होता. कुणीतरी फोटो ओळखला. आता भाऊ गाडी घेऊन आला होता, गोवा मागे पडला होता.

"ती तिथेच आहे ना?"

"आसा रे पुता. तुझीच वाट बघता."

"तिला काही बोलू नका. मी येईपर्यंत फक्त कुठे जाऊ देऊ नका."

पण एवढा आनंद पोटात ठेवणं जॉयसीला कुठलं जमायला. ती रडत, हसत परसात धावली. सारिका वाळत घातलेल्या चादरी काढत होती.

"गो बाय, तो जितो आसा. माझ्याशी बोललो. तासाभरात हंय पावतलो."

चादर सारिकाच्या हातून मातीत पडली.

"त्यांना सांगितलंत? मी इथे आहे म्हणून?"

"सांगलंय तर."

"आणि त्यांना सगळं आठवतंय?"

"सगळा आठवता. तुका खंय जावक देऊ नको म्हणालो."

सारिका तिथेच मातीत खाली बसली. ती फाटकाकडे पाहू लागली.

"ते पाण्यातून हात वर करून माझ्या नावाने हाका मारत होते, आंटी," ती म्हणाली. "आम्ही एकमेकांकडे बघत होतो, आणि मी जागची हलले नाही."