लगनसराईतली कादंबरी

"थुंकते मी असल्या बाईवर," सुभद्राबाई म्हणाल्या आणि खरंच उठून मोरीत थुंकून आल्या.

असली बाई म्हणजे कादंबरीतली राजमाता. आधी तर त्यांना अख्ख्या पुस्तकाचीच किळस आली होती. सुषमानं, त्यांच्या सुनेनं, पुस्तकं भाड्यानं देणाऱ्या दुकानातून ही गुजराती कादंबरी आणली. एक युवराज, एक सिनेमातली नटी, आणि दोघांच्या मागं कॅमेरे घेऊन धावणारे फोटोवाले. लग्नाआधीच ती दोघं एका पेल्यातून सरबत पितात. "शी, उष्टं," सुभद्राबाईंनी नाक मुरडलं होतं. "राजाचं पोर ना ते? लाजलज्जा पार गुंडाळून ठेवली मेल्यानं." पण दुसऱ्या दुपारी सगळ्यांच्या आधी ओट्यावर येऊन बसल्या त्या त्याच.

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या मराठी गल्लीत पुरुष कापडाच्या लूमवर गेले की बायका साड्यांना टिकल्या टाकायला बसत. प्लेगच्या भीतीनं गावी पळालेली गल्ली पुन्हा भरली होती. लगनसराई तोंडावर आली होती आणि व्यापाऱ्याचा माल घरात मावत नव्हता. बायकांची एक रीत होती. जी वाचून दाखवेल तिच्या वाटणीच्या साड्या बाकीच्यांनी उरकायच्या. सुषमा माहेरची जवळच्याच चलथाणची, गुजराती शाळेत शिकलेली. पानावर नजर ठेवून ती सरळ आपल्या बोलीत सांगत जायची. बाकीच्यांना ती अक्षरं म्हणजे काळ्या मुंग्या.

तिसऱ्या दिवशी युवराजाचं आणि नटीचं लग्न लागलं आणि राजमाता अवतरली. काय बाई होती, विचारू नका. चांदीच्या डबीतली मिश्री दातांवर घासायची आणि त्याच बोटानं सुनेला कामं दाखवायची. जेवल्यावर असा ढेकर द्यायची की वरचं झुंबर हलावं. साखरेच्या डब्याला कुलूप. सून जरा आरशासमोर उभी राहिली की म्हणायची, "सिनेमा संपला तुझा." सुभद्राबाई रोज तिला शिव्या घालायच्या आणि रोज तिचीच वाट बघायच्या.

आज मात्र कहर झाला. नटीची आई अंथरुणाला खिळली, निरोपावर निरोप आले, आणि राजमाता म्हणाली, "राज्याभिषेक होऊन जाऊ दे, मग बघू. आई काय पळून चालली?"

तिथंच सुभद्राबाई थुंकायला उठल्या होत्या. परत येऊन बसल्या तरी त्यांचं तोंड थांबेना. "आजारी आईला भेटायला सोडत नाही? किडे पडतील तिच्या जिभेला. असल्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये कुणी."

"खरंय माय," शेजारची प्रमिलाबाई म्हणाली आणि तिनं दातानं दोरा तोडला. बाकीच्या टिकल्या टाकत राहिल्या. सुषमानं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

आता सुषमाची आईही चलथाणला आजारी होती. दोनदा निरोप येऊन गेला होता. पण ते वेगळं. लगनसराईचा माल अंगावर असताना घरातले दोन हात कमी करून कसं चालेल? शिवाय पोरींना माहेरी जायला निमित्तच हवं असतं. सुभद्राबाईंनी तिला सांगून टाकलं होतं, एवढा सीझन उरकू दे.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. सुषमा पुस्तक पालथं ठेवून हंडा घेऊन पळाली. सुभद्राबाईंना काही दम निघेना. गेली का ती नटी आईकडं? प्रमिलाबाईची लेक चैताली नुकतीच कॉलेजातून येऊन दारात चपला काढत होती.

"पोरी, तुला येतं ना गुजराती? वाच बरं पुढं."

चैतालीनं वाचलं. युवराज नटीला घेऊन विमानात बसला होता. दोघं खिडकीतून ढग बघत होती.

"आणि राजमाता?"

"कोण राजमाता?"

"अगं, त्याची आई."

चैतालीनं पानं मागं उलटली, पुढं उलटली. "मासी, आमां राजमाता छे ज नहीं. नाहीच ती यात. त्याची आई तर तो पाळण्यात असतानाच वारली. हे काय, पहिल्याच पानावर लिहिलंय."

"नीट बघ," म्हणत सुभद्राबाई हसल्या, आणि बाकीच्याही हसतील म्हणून त्यांनी सगळीकडं पाहिलं. कुणी हसलं नाही. कुणाला नवलही वाटलं नव्हतं. सुया थांबल्या होत्या आणि माना खाली गेल्या होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

प्रमिलाबाई साडीवरची टिकली चाचपत राहिली. "साखरेच्या डब्याला कुलूप म्हटलं ना माय," ती म्हणाली, "तेव्हाच."

सुभद्राबाईंचं बोट दातांवर होतं. मिश्रीचं. त्यांनी ते बाहेर काढलं, पदराला पुसलं, पण तोंडातली चव जाईना. भरल्या गल्लीत इतके दिवस आपण कुणाला शिव्या घालत होतो, आणि या बाया सुषमाच्या वाटणीच्या साड्या एवढ्या हौसेनं का उरकत होत्या, ते आत्ता कळलं. त्यांना स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

सुषमा भरला हंडा कमरेवर घेऊन आली. चैतालीच्या हातात पुस्तक दिसलं तशी ती होती तिथंच उभी राहिली. हंड्यातलं पाणी लुगड्यावर सांडायला लागलं तरी तिला भान नव्हतं.

सुभद्राबाई उठल्या. त्यांनी तिच्या कमरेवरचा हंडा उतरवून घेतला.

"राजमाता मेली," त्या म्हणाल्या. "पिशवी भर. चलथाणची बस मिळेल अजून."