एका हाताची काठी

"अगं, ही चुकून आली असेल," रेगे हसत म्हणाले. नव्या गोल्फच्या काठीची मूठ इतकी आखूड होती, की तिच्यावर एकच हात मावत होता.

प्रशिक्षक शेहनाझने काठीवर कोरलेलं त्यांचं नाव दाखवलं. क्लबमधलं काठ्या बनवणारं यंत्र खेळाडूचा स्विंग तपासून त्याच्या पुढच्या वर्षीच्या शरीराला झेपेल अशी काठी घडवायचं. गेल्या वर्षी क्लबमधल्या पाटणकरांना त्याने अगदी हलकी काठी दिली, तेव्हा तेही असेच हसले होते.

"थांब, दाखवतोच तुला." रेग्यांनी आपली जुनी काठी दोन्ही हातांनी धरली, खांदे वळवले आणि फटका मारला. चेंडू सरळ झेंड्याकडे गेला.

"बघितलंस? काय झालंय मला?"

शेहनाझ चेंडूकडे बघतच नव्हती. रेगे काठी खाली ठेवायला वाकले. उजवा हात सुटला. डाव्या हाताची बोटं मात्र मुठीवरून उघडेचनात.