पाच बाराची गाडी

"चहा बंद," अनघा म्हणाली.

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा खेळ; त्याच्या क्लबच्या बोर्डावर नव्या सीझनचे नियम लागले होते. बुटांचे तळवे पुसूनच बर्फावर उतरायचं. स्कोअर कागदाऐवजी मोबाइलवर भरायचा. साठीपुढच्यांना दगड वाकून सोडण्याऐवजी काठीने ढकलता येईल. अनघा जपानी भराभर वाचून सांगत होती आणि सौमित्र बुटांचे बंद बांधता बांधता नुसतं हूं हूं करत होता. चौथ्या नियमाला मात्र त्याचे हात थांबले.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. मॅचनंतर चहाला बसायचं नाही. लांबून येणाऱ्यांची गाडी चुकते म्हणून." ती त्याच्याकडे वळली. "लांबून कोण येतं रे? पार शहरातून, हिगाशी-कसाईहून, इतक्या डोंगरात आपणच येतो. बाकी सगळे सायकलवर. तू काही बोललास का कोणाला?"

"बोललो नाही. लिहिलं." सौमित्रने मान वर केलीच नाही. "मार्चमध्ये तो फॉर्म दिला होता ना, काही अडचण असल्यास कळवा म्हणून? लिहिलं, की चहात अर्धा तास जातो, पाच बाराची गाडी चुकते आणि पुढच्या गाडीला एक तास थांबावं लागतं. अगं, असले फॉर्म वाचतं कोण? आपल्या ठाण्याच्या सोसायटीत सूचनापेटी उघडली तर आत चॉकलेटचे कागद निघाले होते. आणि नाव लिहायचंच नव्हतं."

"लिहिलंस कशात?"

"इंग्रजीत."

अनघाने कपाळावर हात मारला. "अख्ख्या क्लबात इंग्रजीत लिहिणारा तू एकटा! मग नाव कशाला हवंय?"

तेवढ्यात मियाता-सान आत आले. एकोणऐंशीचे, ताठ, खांद्यावर नेहमीची निळी पिशवी. त्या पिशवीत थर्मास आणि आठ कप असायचे, हे दोघांनाही ठाऊक होतं. मॅच संपली की दोन्ही संघांनी एका टेबलाशी बसायचं आणि जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना चहा ओतून द्यायचा, ही इथली पद्धत. त्यामुळे हरले की मियाता-सान उलट खूश. घरी आपला आपणच ओतून घ्यावा लागतो, असं बायको गेली त्या वर्षी ते म्हणाले होते. म्हणाले आणि हसले होते. अनघाच्या डब्यातले दोन शंकरपाळे कागदात बांधून ते उद्यासाठी घरी न्यायचे.

आज त्यांनी दोघांना वाकून नमस्कार केला आणि पिशवी कोपऱ्यात ठेवून दिली.

सौमित्र त्या दिवशी काय खेळला ते त्यालाच माहीत. ब्रशने बर्फ घासत तो दगडापुढून धावत होता, पण डोकं त्या फॉर्मपाशी अडकलं होतं. चांगला अंगाशी आला होता फॉर्म. आणि नेमका त्याचाच संघ जिंकला, तोही मियाता-सानच्या संघाविरुद्ध. सगळ्यांनी हात मिळवले आणि घड्याळाकडे बघत, अगदी शिस्तीत, पाच मिनिटांत हॉल रिकामा केला. मोकळ्या टेबलावरचा दिवासुद्धा कोणी लावला नाही.

बाहेर बाकावर मियाता-सान एकटेच बूट बदलत बसले होते. पिशवी बाजूला होती. आत थर्मास होता.

"सवय," ते ओशाळून म्हणाले. "सकाळी भरून घेतला. मग नियम आठवला."

सौमित्रला कामापुरतं जपानी येत होतं. पण माफीचं जपानी ऑफिसात शिकलेलं, ते इथे कसं चालणार? तरी तो त्यांच्यापुढे वाकला. "मियाता-सान, ते मी लिहिलं होतं. माझं चुकलं."

"हो, तुमचंच आहे, हे माहीत होतं." ते सहज म्हणाले. "कमिटीत इंग्रजी कोणाला येत नाही. मी घरी नेलं. डिक्शनरी घेऊन वाचायला दोन दिवस लागले." ते थोडं थांबले. "तीन वर्षं तुमची गाडी चुकत होती आणि तुम्ही हसत चहा पीत होतात. मला कळायला हवं होतं. म्हणून तो नियम मीच सुचवला."

सौमित्रला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

मियाता-सान मनगटावरचं घड्याळ बघून गडबडीने उठले. "चला, निघा तुम्ही. पाच बाराची मिळेल अजून."

सौमित्र निघाला नाही. तो त्यांच्या शेजारी बाकावर बसला. थर्मास काढला, झाकण उघडलं.

"सौमित्र-सान, नियम आहे."

"नियम हॉलमध्ये. हे बाहेर आहे," अनघा म्हणाली आणि डबा उघडून तिने मधोमध ठेवला.

सौमित्रने कप भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "आज आम्ही जिंकलोय."

मियाता-सान उभ्या उभ्या त्या कपाकडे बघत राहिले. मग बसले. कप घेतला, पण प्यायले नाहीत. शेतापलीकडे फाटकाची घंटा वाजू लागली आणि गाडी दिसली, दिवे लावलेली, अगदी वेळेवर. तिघांनीही ती जाताना पाहिली.

"गेली," मियाता-सान कासावीस होऊन म्हणाले. "आता पुढच्या गाडीला एक तास."

"हो," सौमित्र म्हणाला. "पूर्ण एक तास."

मियाता-साननी पहिला घोट घेतला.