दुसरी डिस्क

दिवाळीला आलेला कुशल कॉम्प्युटरमधली दुसरी डिस्क काढून पुण्याला घेऊन गेला, तेव्हापासून कॉम्प्युटर सुरूच होईना. "मी येऊन बघतो, आई," तो दर रविवारी फोनवर म्हणायचा. मोताळ्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या शैलजाबाई वाट पाहत राहिल्या. शेवटी त्यानं गावातल्याच मोतीराम मेकॅनिकला पाठवलं. "काकू, कॉम्प्युटर सुरू करायच्या फायली त्या डिस्कमधी होत्या. इथं नव्या टाकल्या. आता तिचं काम नाही," मोतीराम म्हणाला. स्क्रीन उजळली. शैलजाबाई हळूच म्हणाल्या, "डिस्क आणल्याशिवाय चालत नाही, असं सांगता त्याला?" मोतीरामनं मान खाली घातली आणि फोन लावला. "दादा, ते डिस्क लागतेच. तुमाले यावंच लागीन." स्पीकरवर कुशल हसला. "एवढंच ना? उद्या कुरिअर करतो." मोतीराम बॅग आवरू लागला. शैलजाबाई घाईघाईनं स्वयंपाकघराकडं वळल्या. "थांबा भाऊ, चहा घेऊनच जा."