एका डोळ्याची टोपी

माकडटोपी घातलेला चोर बँकेचं दार जीव खाऊन ढकलतो. दार ओढायचं असतं.

ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बाई म्हणते, "तुमच्या विनोदांना आता काळं कुत्रंही हसत नाही."

चोरांची गाडी सुरू होत नाही. बँकेचा पहारेकरीच मागून धक्का मारतो.

मेकअपच्या खोलीत एक माणूस खुर्चीत बसून आहे. त्याला हाका मारतात. तो उठत नाही.

रिकाम्या थिएटरात एक बाई तोच सिनेमा पुन्हा बघते. शेवट आला, की पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरते.

"एवढंच सांगा," तीच बाई आता संकलनाच्या खोलीत, दाराशी उभी होती. "शेवटचा सीन शेवटच्या दिवशी झाला ना?"

संगणकासमोरची संकलक वळली. धंद्यात तिला सगळे कात्री म्हणत. समोरचा बोलत असला तरी मध्येच कापायची तिची खोड होती. दारातल्या बाईंना ती ओळखत होती. बँक लुटायला निघालेला चोर भिंत फोडून शेजारच्या लाँड्रीत निघतो, तो सिनेमा तिनेच कापला-जोडला होता. चोर झालेला नट म्हणजे या बाईंचा नवरा. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, मेकअपच्या खोलीत, खुर्चीतच त्याचा जीव गेला. सिनेमा आठवड्यात उतरला. ज्यांनी पाहिला ते अजून आठवून हसतात, पण पाहिलाय कुणी?

"बसा ना वहिनी."

"बसायला नाही आले. त्या दिवशी सकाळी मी ह्यांना नको ते बोलले. हे डबा तिथंच ठेवून गेले. ते गेलेच." वहिनींनी पर्सचा बंद मुठीत आवळला. "सिनेमाच्या शेवटी रिकामी पिशवी झटकतात आणि किती हसतात हो! पोट धरून. तो सीन त्या दिवशीचा असेल, तर माझं बोलणं विसरले होते म्हणायचं. नसेल तर... तसं सांगा. पण खरं सांगा."

कात्रीला आठवत होतं. तो सीन अगदी पहिल्या दिवशी उरकला होता. सिनेमा असाच करतात. जागा मिळेल तसा, शेवट आधी, सुरुवात मागून.

"बघून सांगते. बाहेर चहा घ्या तोवर."

तिने शेवटच्या दिवसाचं चित्रण उघडलं. आज ते सगळं पुसायचं होतं. 'त्या पडेल सिनेमानं जागा अडवलीय,' म्हणून निर्माता सकाळपासून मागे लागला होता. वहिनींना सांगायला कात्रीला त्या दिवसाचा एक चेहरा हवा होता. हसरा, नाहीतर निदान शांत. 'कट' म्हटल्यावरही कॅमेरा क्षणभर चालू राहतो. तेवढ्यात नट स्वतःचा होतो. घाम पुसतो, नाक खाजवतो, कुणाला तरी शिवी हासडतो. तेव्हा तरी त्याने टोपी काढली असेल.

पहिला टेक. कट. टोपी.

पुढचा. टोपी.

भिंतीला टेकून बसलाय. टोपी. पाणी पितोय. टोपी. भलती वाकडी टोपी होती ती. एका डोळ्याचं भोक थेट गालावर आलेलं. एकाच डोळ्यानं बघत चोर चुकीच्या भिंतीवर घाव घालतो, सिनेमातला सगळ्यात मोठा हशा तोच. कपडेवाल्यानं दिलेल्या चांगल्या टोप्या नाकारून ही त्यानं कुठूनशी स्वतःच आणली होती.

शेवटचा टेक. कट. त्याने टोपीच्या गालावर हात ठेवला आणि तसाच धरून राहिला.

कात्रीने मेकअपवाल्याला फोन लावला.

"त्या दिवशी काकांचा चेहरा पाहिलास का रे?"

"कुठला! दिवसभर टोपी काढतील तर शपथ. जेवताना टोपीच्या भोकातूनच घास. आमची तर हसून मुरकुंडी वळली."

"मग?"

"मग काय. शेवटी मीच काढली. नंतर."

"चेहरा कसा होता?"

"ओला होता, ताई. घाम असेल."

कात्रीने फोन ठेवला. दिवसभर एक माणूस सगळ्यांच्या देखत रडत होता आणि सगळे त्याला हसत होते. हे या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"सापडलं?" वहिनी आत आल्या होत्या. पडद्यावर गालाला हात लावलेला चोर थिजला होता. वहिनी पुढे वाकल्या. "ही टोपी ना, ह्यांनी—"

"टोपीचं राहू द्या, वहिनी." कात्रीने कापलं. पडदा बंद केला. "तो सीन शेवटच्या दिवशीचाच आहे. तारीख बघितली मी. पोट धरून हसत होते."

वहिनी आता खुर्चीत बसल्या.

"म्हणजे विसरले होते."

"केव्हाच."

"सगळंच विसरले असतील," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला. "बरंच झालं."

त्या जिना उतरून गेल्या. कात्रीने शेवटच्या दिवसाचं चित्रण निवडलं आणि पुसून टाकलं.

शूटिंग सुरू होण्याआधी, गॅलरीतल्या उन्हात बसून, ती टोपी वहिनींनी विणली होती; चष्मा सापडत नव्हता, म्हणून एक डोळा गालावर उतरला.