कुलूप आणि नोंद

दवाखान्याच्या सर्व्हरची डिस्क फक्त वाचण्यापुरती खुली ठेवताना, म्हणजे तिच्यावर नवं लिहिणं बंद करताना, रुग्णांचे रिपोर्ट खराब झाले, तेव्हा प्रोग्रामरबाईंनी सरळ सर्व्हर सांभाळणाऱ्या ऑपरेटरवर खापर फोडलं. "यांनीच घाई केली." त्याची नोकरी गेली.

आज कळलं, घोळ त्यांच्याच प्रोग्राममध्ये होता. चालू नोंद लिहून व्हायच्या आतच तो डिस्कवर लिहिण्याला कुलूप घालायचा. कधी नोंद आधी पोचायची, कधी कुलूप. त्यांनी कुलपाला थांबायला लावलं. साहेबांनी शाबासकी दिली, पण बाईंना मान वर करवेना. त्यांनी ऑपरेटरला फोन लावला.

"चूक माझी होती. तुमची नव्हतीच."

पलीकडे त्याने टीव्ही बंद केला.

"मॅडम, फोन स्पीकरवर टाकतो. हेच पुन्हा एकदा म्हणाल का? बाबा इथेच बसलेत."