आधीच चढलेली आवृत्ती

तिची पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली लायब्ररी, म्हणजे इतरांना आयता वापरता येईल असा कोड, तशी चिमुकली, पण बरेच लोक वापरत. कामातून मध्येच उठायचं झालं की जिथं थांबली तिथं ती कोडमध्येच एक ओळ टाकून ठेवायची: ‘फोन आला’, ‘दूध उतू जातंय’. धाकटी बहीण हसायची, “ताई, कॉम्प्युटरला सांगून उठतेस होय?”

त्या दुपारी तिनं नवी आवृत्ती बांधली आणि लोक जिथून ती उतरवून घेत त्या सर्व्हरवर चढवायला घेतली. सर्व्हर अडून बसला: या क्रमांकाची आवृत्ती आधीच आहे. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा मिळत नाही, ही तिथली काळ्या दगडावरची रेघ. तिनं पुढचा क्रमांक दिला. तोही आधीच वापरलेला. त्याच्या पुढचाही.

“पासवर्ड कुणाला दिला होतास का गं?” पलंगावर लोळत बहिणीनं विचारलं.

“कुणाला देणार? चढवणारी मी एकटीच.”

तिनं त्यातली एक आवृत्ती उतरवून घेतली. कोड तिचाच होता. उद्या करू म्हणून नुसती मनात घोळवलेली दुरुस्तीसुद्धा त्यात होती, अगदी तिच्याच पद्धतीनं केलेली.

मग तिनं सगळ्यात शेवटची आवृत्ती उघडली. काम अर्ध्यातच तुटलं होतं. खाली तिची नेहमीसारखी एक ओळ: ‘दार वाजलं, बघून येते.’

त्यापुढे एकही आवृत्ती नव्हती.

दार वाजलं.

“ताई, बघ ना कोण आलंय!”

ती जागची हलली नाही. बोटं मात्र सवयीनं टाइप करू लागली.